पावती फाडायच्या आधी : वस्तीत जनसंघटनेचं युनिट कसं उभं करायचं

गेल्या महिन्यात पलीकडच्या वस्तीतल्या दोन मुली घरी आल्या, म्हणाल्या ताई आम्हाला पण तुमच्यासारखं महिला संघटनेचं काम सुरू करायचंय, फॉर्म कुठे मिळतो. मी म्हटलं फॉर्म मिळेल गं, आधी बसा, चहा घ्या. मग दोन तास बोलत बसलो आणि त्या गेल्यावर वाटलं की हे सगळं एकदा लिहूनच ठेवावं, कारण दर वर्षी कोणी ना कोणी विचारतं आणि दर वेळी मी अर्धं सांगायचं विसरते. मी आधी युवकमध्ये होते म्हणजे डीवायएफआय, लग्नानंतर जनवादी महिला संघटनेत, सगळं मिळून अठरा वर्षं झाली, सगळी मुंबईतच, पूर्व उपनगरातल्या एका डोंगरावरच्या वस्तीत. तर खाली जे आहे ते वस्तीतलं काम आहे. कारखान्यातली युनियन किंवा गावाकडची किसान सभा यांची पद्धत थोडी वेगळी असते पण पाया तोच.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पक्ष म्हणजे कम्युनिस्ट पक्ष वेगळा, आणि बायका, कामगार, विद्यार्थी अशा लोकांच्या प्रश्नांवर काम करणारी जनसंघटना वेगळी. हे ज्याला कळलं नाही त्याचं पुढचं सगळं चुकतं, मी चुकताना बघितलंय. पक्षात यायचं तर पक्षाचा कार्यक्रम मान्य असावा लागतो, आधी उमेदवार सभासद, मग पूर्ण सभासद, लेव्ही म्हणजे उत्पन्नातला ठरलेला वाटा, ब्रँचची शिस्त, सगळं असतं. जनसंघटनेत तसं नाही. जिला रेशन मिळत नाही, जिच्या नळाला पाणी नाही, जिच्या घरात मारहाण आहे आणि जिला वाटतं की हे बदललं पाहिजे, तिने संघटनेची उद्दिष्टं मान्य केली, वर्षाची वर्गणी भरली की ती सभासद. मग ती मत कोणाला देते, देवघरात कोणता देव आहे, नवरा कुठल्या पक्षाच्या बॅनरवर फोटो लावतो, याच्याशी संघटनेला घेणंदेणं नाही. संघटनेची स्वतःची घटना असते, स्वतःचा झेंडा असतो, स्वतःची कमिटी असते. विद्यार्थ्यांच्या एसएफआयचा झेंडा बघा, पांढरा आहे, त्यावर लाल तारा. पक्षाचा लाल, विळा-हातोड्याचा. लोक दोन्ही एकच समजतात, आपण समजू नये.

आता कुठली संघटना कुठल्या पक्षाच्या जवळची ते एकदा सांगते, नवीन माणूस इथेच गोंधळतो. भाकप म्हणजे भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या बाजूला कामगारांची आयटक, बायकांची भारतीय महिला फेडरेशन (१९५४), युवकांची एआयवायएफ (१९५९), विद्यार्थ्यांची एआयएसएफ (१९३६). माकप म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या बाजूला कामगारांची सिटू आणि विद्यार्थ्यांची एसएफआय, दोन्ही १९७० च्या, मग डीवायएफआय १९८० ची, लुधियानात स्थापना झालेली, आणि आमची जनवादी १९८१ ची, मद्रासला. या शेवटच्या दोन एका मागोमाग एक का आल्या त्याला कारण आहे, १९७८ च्या डिसेंबरात बंगालमधल्या साल्कियाला माकपचा प्लेनम म्हणजे विशेष अधिवेशन झालं आणि त्यात जनसंघटना वाढवायच्या यावर फार जोर दिला गेला. किसान सभा १९३६ ची, लखनौला स्थापन झाली, स्वामी सहजानंद सरस्वती पहिले अध्यक्ष. आणि आयटक तर आपल्या मुंबईचीच, ३१ ऑक्टोबर १९२० ला इथे पहिलं अधिवेशन झालं, अध्यक्ष कोण तर लाला लजपत राय. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यात वेगवेगळ्या विचारांची माणसं होती. हे मी मुद्दाम सांगते कारण आमच्यातले काही जुने कॉम्रेड पण कधीकधी असं बोलतात की जणू संघटना म्हणजे पक्षाच्या सभेला माणसं पुरवायची जागा. तसं नाही आणि तसं वागलात तर दुसऱ्या वर्षी सतरंजीवर चारच जणी दिसतील.

कुठल्या संघटनेचं काम करायचं हे तुमच्या वस्तीत जास्त काय खुपतं त्यावर ठरवा. बायका घरकाम करणाऱ्या जास्त असतील तर घरकामगारांची युनियन, महाराष्ट्रात त्यांच्यासाठी घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे, नोंदणीपासून सुरुवात करता येते. मुलं रिकामी बसलेली असतील तर युवक. कारखान्यात किंवा कंत्राटी कामावर युनियन करायची असेल तर मात्र घरच्या घरी काही करू नका, २९ केंद्रीय कामगार कायद्यांचे आता ४ कोड झालेत, थेट सिटूच्या किंवा आयटकच्या ऑफिसात जा आणि जाणत्या माणसाबरोबर बसा, नाहीतर नावं बाहेर फुटतात आणि पोरांच्या नोकऱ्या जातात.

आधी वही, मग पावतीपुस्तक

आता मुख्य काम. पहिले पंधरा-वीस दिवस वर्गणीचं पावतीपुस्तक पिशवीतून बाहेर काढायचंच नाही. फक्त एक दोनशे पानी वही आणि पेन. रोज दहा घरं. वेळ कुठली, तर आमच्याकडे पाणी संध्याकाळी साडेपाचला येतं, त्या वेळी कोणाच्या दारात गेलात तर ती तुमच्याकडे बघणार पण नाही, बरोबरच आहे. दुपारी दोन ते चार किंवा रात्री जेवणं झाल्यावर. तुमच्या वस्तीचं पाण्याचं टायमिंग हे तुमचं पहिलं वेळापत्रक, मग बाकी सगळं.

दारात गेल्यावर संघटनेची माहिती सांगत बसू नका. विचारा. काय चाललंय वहिनी, रेशन मिळालं का या महिन्यात, किती मिळालं, कार्ड कुठलं आहे, पिवळं का केशरी, घरात माणसं किती आणि कार्डावर नावं किती. लिहून घ्या. मी रेशनचं उदाहरण घेते कारण आमचं युनिट त्यावरच उभं राहिलं. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा, त्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. हे आकडे पाठ पाहिजेत. शहरात प्राधान्यात बसायला वर्षाचं उत्पन्न ५९ हजारांच्या आत लागतं, आता मुंबईत महिन्याला पाच हजारांच्या आत कोण जगतं हे तुम्हीच सांगा, आणि त्यामुळे कितीतरी खरी गरजू घरं केशरी कार्ड असून धान्याच्या बाहेर आहेत. हा वेगळा मोठा लढा आहे.

तर वहीत मी चार रकाने पाडले होते. कार्डावरची नावं, किती किलो बसतं, मशिनच्या पावतीवर किती, हातात किती. बस. एका घरात सहा नावं, म्हणजे ३० किलो. पावतीवर पण ३०. मावशीने पिशवी पुढे केली, म्हणाली ही बघ, अजून उघडली नाही. शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवली तर २६ च्या आसपास. मावशी म्हणाली दर महिन्याला असंच असतं गं, गोणीत कमी येतं असं तो सांगतो. त्या दुपारी आम्ही चौघींनी अकरा पिशव्या मोजल्या, एकही पूर्ण भरली नाही. काही घरांत तर म्हाताऱ्यांचा अंगठाच लागत नाही मशिनवर म्हणून परत पाठवलेलं. हे सगळं तारीख टाकून लिहिलं आणि ज्यांची पिशवी मोजली त्यांची सही, नाहीतर अंगठा. तेव्हापर्यंत आम्ही संघटना हा शब्द पण काढला नव्हता, पण संध्याकाळी त्याच बायका विचारत आल्या की मग आता करायचं काय.

हा क्षण आल्यावर पावतीपुस्तक काढा. त्याच्या आधी नाही.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. आपल्याच गिरणगावात १९२८ ला हेच झालं. गिरणी कामगार युनियन, लाल बावट्याची, त्या वर्षी मे महिन्यात उभी राहिली तेव्हा सभासद काहीशेच होते, पण सहा महिने संप चालला, गिरणी-गिरणीत कामगारांच्याच समित्या बसल्या, आणि वर्षअखेर सभासद पन्नास हजारांच्या वर गेले. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर ही नेत्यांची नावं आपल्याला माहिती असतात, पण खात्याखात्यातली माणसं गिरणी समितीत बसली म्हणून ती युनियन झाली. आणि पुढचं पण लक्षात ठेवा, १९२९ च्या मार्चमध्ये मिरतच्या कम्युनिस्टांवरच्या कटाच्या खटल्यात नेते उचलले गेले, त्या वर्षीचा संप फसला आणि ती प्रचंड सभासदसंख्या तितक्याच वेगाने ओसरली. म्हणजे सभासद येतात तसे जातात पण. आमच्या छोट्या वस्तीत पण मी दोन्ही बघितलं, त्याबद्दल खाली सांगते.

पहिली बैठक

जागा कुठली यावर फार विचार करा. मंदिराच्या सभामंडपात घेतली तर काही जणी येणार नाहीत, कुठल्या पक्षाच्या ऑफिसात घेतली तर त्याहून जास्त जणी येणार नाहीत, आपल्या पक्षाच्या पण नाही. आमची पहिली बैठक एका घरात झाली, दहा बाय बाराची खोली, एकवीस बायका आणि सात पोरं, पंखा बंद कारण पोरगं झोपलेलं आणि पंख्याचा आवाज येत होता. त्यामुळे सगळ्या हळू बोलत होत्या आणि त्यामुळेच सगळ्या ऐकत होत्या. वस्तीत निम्म्या जणी मराठी, बाकीच्या हिंदी बोलणाऱ्या, तर बैठक दोन्ही भाषांत चालवा, मराठीत बोललेलं लगेच हिंदीत सांगा, त्यात लाज वाटायचं काही कारण नाही, आणि कोणी तोंडातल्या तोंडात ह्यांना कशाला बोलावलं असं म्हणालं तर तिथेच थांबवा. मी पहिल्यांदा ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. दोन आपा पुढच्या बैठकीला आल्या नाहीत, त्यांच्या घरी जाऊन माफी मागावी लागली मला. रेशनचं दुकान सगळ्यांना सारखंच कमी देतं.

बैठकीत विषय एकच ठेवा. तास-सव्वा तासाच्या वर लांबवू नका. बाहेरून नेत्याला बोलावलं तरी त्याने शेवटी दहा मिनिटं बोलावं, आधी नाही. प्रोसिडिंग लिहायला अशी मुलगी बसवा जी कॉलेजात जाते, अक्षर चांगलं असतं आणि तिला पण कळतं की आपण काहीतरी करतोय. तारीख, हजर किती, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. एवढं लिहिलं तरी पुरतं पण ते लिहायचंच, पुढच्या बैठकीची सुरुवात ते वाचूनच करायची. आणि हो, मुंबईत शाखा म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर सेनेची शाखा येते, म्हणून आम्ही सरळ युनिट म्हणतो.

वर्गणी आणि हिशोब

वर्गणी थोडीशीच असते, वर्षातून एकदा. पण ती घेताना पावती फाडायची म्हणजे फाडायचीच, पाच रुपयांची असली तरी. सभासदाचं पूर्ण नाव, वय, काम काय, पत्ता, आणि तीच माहिती आपल्याकडे राहणाऱ्या स्थळप्रतीवर. घाईत स्थळप्रतीवर नुसतं "सुनंदा, गल्ली ३" असं लिहिलं की पुढच्या वर्षी तीन सुनंदा निघतात. गोळा झालेल्या वर्गणीतला ठरलेला वाटा वरच्या कमिटीला जातो, तो किती आणि कशाला हे सभासदांना पहिल्याच दिवशी सांगा, नंतर कळलं तर वाईट वाटतं लोकांना. खजिनदार आणि सेक्रेटरी एकाच घरातले ठेवू नका. पैसे एकीकडे, पावतीपुस्तक दुसरीकडे.

आमच्या दुसऱ्या वर्षी हिशोबात २६० रुपये कमी आले. फार नाही, पण आमच्यासाठी खूप होते. खजिनदार होती ती बिचारी दोन रात्री झोपली नाही, म्हणाली मी माझ्या पगारातले टाकते, कोणाला सांगू नका. मी पण आधी हो म्हणाले, मग आम्ही दोघींनी विचार केला की हे लपवलं तर उद्या दोन हजार पण लपतील. बैठकीत सांगितलं. सगळी पुस्तकं मधे ठेवली आणि एकेक पान उलटून बघितलं, दीड तास गेला, शेवटी निघालं की एक मुलगी तेरा पावत्या फाडून गावी गेली होती, प्रत्येकी वीस, पैसे तिच्या पर्समध्येच. त्या दिवसानंतर आमच्या युनिटमध्ये कोणी कोणावर पैशाचा संशय घेतला नाही. हिशोब दर महिन्याला बैठकीत वाचून दाखवा, चहापत्तीचा खर्च पण.

आणि आता ती चूक जी मी स्वतः केली. आमचं पहिलं अधिवेशन जवळ आलं होतं, वरून कोटा आला, इतके सभासद पाहिजेत. मी आणि अजून दोघीजणी महिनाभर धावलो आणि १४० पावत्या फाडल्या, ओळखीपाळखीच्या, भिशीतल्या, बचत गटातल्या, कोणी म्हटलं घे गं बाई वीस रुपये आणि जा. कोटा पूर्ण झाला, टाळ्या पण मिळाल्या. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला गेले तर त्यातल्या ३१ जणींनाच आठवत होतं की आपण सभासद आहोत. बाकीच्यांच्या दारात मी उभी आणि त्या विचारतायत कसली पावती. माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं तेव्हा. म्हणून सांगते, कोटा असतो, तो असू दे, संघटनेला वाढायचंच असतं, पण जिला आपण एकदाही बैठकीला बोलावलं नाही तिची पावती फाडू नका.

निवेदन, शिष्टमंडळ, मोर्चा

वहीतले आकडे हातात आल्यावर निवेदन लिहायचं. ते संघटनेच्या लेटरहेडवर, पक्षाच्या नाही. एक पान, मागण्या तीन किंवा चार, प्रत्येकीला आकड्याचा आधार. आमच्या पहिल्या निवेदनात साम्राज्यवादापासून सुरुवात होती, रेशन दुसऱ्या पानावर होतं, ऑफिसरने पहिलं पान वाचून खाली ठेवलं. तो विषय महत्त्वाचा आहेच पण तो अभ्यासवर्गात घ्या. निवेदनात लिहायचं, अमुक तारखेला अकरा कार्डधारकांचं धान्य मोजलं, पावतीवर इतकं, प्रत्यक्षात इतकं, चौकशी करा, दुकानात साठ्याचा आणि दराचा बोर्ड लावा, दक्षता समितीची बैठक बोलवा, ज्यांचा अंगठा लागत नाही त्यांना दुसरी सोय द्या. रेशन दुकानावर लक्ष ठेवणारी दक्षता समिती ही कायद्यातच आहे, पण कुठल्या दुकानाची समिती कधी बसली हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

दोन प्रती न्या. एकीवर पोच घ्या, शिक्का, सही, तारीख, आवक नंबर. पोच दिली नाही तर तिथेच शांतपणे बसून राहा, भांडू नका, दहा बायका नुसत्या बाकावर बसल्या तरी पोच मिळते. शिष्टमंडळात पाच ते सात जणी पुरेत, त्यातल्या निम्म्या तरी अशा पाहिजेत ज्यांची स्वतःची पिशवी कमी भरली. बोलायचं कोणी हे आधी ठरवा आणि घरी तालीम करा, खरंच तालीम करा, एकीने ऑफिसर व्हायचं. आमच्यातली एक मावशी, कधी घराबाहेर बोललेली नाही, तिने ऑफिसरच्या टेबलावर स्वतःची तांदळाची पिशवी ठेवली आणि म्हणाली साहेब मोजा. दुसरं काहीच बोलली नाही. सगळं ऑफिस गप्प झालं.

पंधरा दिवसांत काही झालं नाही तर परत जा, आणि माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो, उत्तर तीस दिवसांत यायला पाहिजे. रेशनची तक्रार १९६७ या नंबरवर पण नोंदवता येते, तक्रार क्रमांक वहीत लिहा. आमचं काम व्हायला चार महिने लागले. दुकानात बोर्ड लागला, काटा बदलला, आणि पिशव्या भरायला लागल्या, सगळ्याच महिन्यांत नाही, पण लागल्या.

मोर्चा हे शेवटचं. लोकांना वाटतं संघटना म्हणजे मोर्चा, पण तयारी नसताना काढलेला मोर्चा युनिटला मागे नेतो. वस्तीत चौकसभा घ्यायची तर स्थानिक पोलीस स्टेशनला आधी लेखी अर्ज, स्पीकरची वेगळी परवानगी आणि रात्री दहाच्या आत बंद. मुंबई पातळीवरचं आंदोलन म्हणजे आझाद मैदान, तिथेही अर्ज लागतो, नियम बदलत असतात म्हणून जिल्हा कमिटीतल्या अनुभवी माणसाला बरोबर घ्या. पोलिसांची नोटीस आली तर घाबरू नका, घ्या, सही करा, फोटो काढून कमिटीला पाठवा. स्वयंसेवक ठरवा, पाणी, औषधं, बाथरूम कुठे आहे ते आधी जाऊन बघून या, बायकांच्या मोर्चात हा सगळ्यात मोठा प्रश्न असतो आणि पुरुष कॉम्रेडना तो शेवटपर्यंत सुचत नाही.

शिस्त म्हणजे काय हे बघायचं असेल तर २०१८ चा मार्च आठवा. किसान सभेचा लाँग मार्च ६ तारखेला नाशिकहून निघाला, जवळजवळ १८० किलोमीटर चालून मुंबईत आला. ११ ला रात्री सायनच्या सोमय्या मैदानात मुक्काम होता, दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. सकाळी रस्ता अडला तर पोरांचे पेपर बुडतील म्हणून ते हजारो शेतकरी, आदिवासी, त्यात म्हाताऱ्या बायका, रात्रीच उठले आणि पहाटेच्या आत आझाद मैदानात जाऊन बसले. मी त्या रात्री रस्त्याच्या कडेला पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होते. चपला तुटलेल्या, पायाला फोड, आणि तरी रांग सरळ. एका आजीला मी बाटली दिली तर तिने अर्धी प्यायली आणि मागच्या बाईला दिली. असा मोर्चा एका दिवसात उभा राहत नाही, गावागावातल्या किसान सभेच्या युनिटने वर्षानुवर्षं वनजमिनीच्या दाव्यांची कागदपत्रं गोळा केली होती, त्यातून तो निघाला.

पक्ष, निवडणूक आणि इतर संघटना

आता नाजूक विषय. युनिटमध्ये काही जण पक्षाचे सभासद असतात, त्यांचा जो गट असतो त्याला फ्रॅक्शन म्हणतात, ते आपसात बसून विचार करतात, त्यात लपवायचं काही नाही. पण संघटनेच्या बैठकीत त्यांचा मुद्दा पटवूनच मांडावा लागतो. मी पक्षाची आहे म्हणून माझं ऐका, असं चालत नाही. आमच्या बैठकीत माझा ठराव दोनदा पडलाय. पडू दे की. दोन्ही वेळा बायकांचं बरोबर होतं, एकदा तर मी आंदोलनाची तारीख अशी ठेवली होती की त्याच दिवशी शाळेचे प्रवेश होते.

निवडणूक आली की सगळ्यात जास्त ओढाताण होते. पक्षाचं काम करणाऱ्यांनी ते पक्षाचे म्हणून करावं. संघटनेचं सभासद रजिस्टर प्रचाराला वापरू नका, त्यातले फोन नंबर कोणाला देऊ नका. आमच्या युनिटमध्ये दुसऱ्या पक्षाच्या नगरसेवकाच्या प्रचाराला जाणारी एक वहिनी आहे, संघटनेच्या प्रत्येक मोर्चात ती पहिल्या रांगेत असते. जिला पक्षाकडे यायचं असेल ती काम बघून स्वतः विचारते, मला पण कोणी ओढलं नव्हतं, पाचव्या वर्षी मीच विचारलं.

आणि दुसऱ्या संघटनांबरोबर जायला शिका. सत्तरच्या दशकात महागाईच्या विरोधात मुंबईत बायकांची संयुक्त समिती झाली, त्यात कम्युनिस्ट अहिल्याताई रांगणेकर होत्या आणि समाजवादी मृणालताई गोरे पण होत्या, लाटणी घेऊन बायका रस्त्यावर उतरल्या. दोघींचे पक्ष वेगळे, पुढे १९७७ ला दोघी मुंबईतूनच लोकसभेवर गेल्या. तेल, साखर, रॉकेल यावर त्या एकत्र उभ्या राहू शकल्या तर आपण आपल्या वस्तीतल्या मंडळाबरोबर, बचत गटाबरोबर, दुसऱ्या झेंड्याच्या बायकांबरोबर पाण्याच्या प्रश्नावर नक्की बसू शकतो. मुंबई हायकोर्टाने २०१४ च्या डिसेंबरात सांगितलंय की अनधिकृत झोपडीत राहणाऱ्या माणसालाही पाण्याचा हक्क आहे, त्या निकालाची प्रत काढून ठेवा, वॉर्ड ऑफिसात कामाला येते.

अधिवेशनाबद्दल थोडक्यात. ठरलेल्या काळाने युनिटचं अधिवेशन होतं, झेंडावंदन, शहिदांना आदरांजली, सेक्रेटरीचा अहवाल, त्यावर चर्चा, हिशोब, नवी कमिटी, वरच्या अधिवेशनाचे प्रतिनिधी. अहवाल तीन पानांच्या वर नको. त्यात काय जमलं नाही ते पण लिहा. आणि चर्चेत प्रत्येकीला बोलायला लावा, नुसतं "अहवाल मान्य आहे" एवढंच म्हणाली तरी पुढच्या वेळी ती दोन वाक्यं जास्त बोलते. कमिटीत दर वेळी दोन-तीन नव्या पोरी आल्या पाहिजेत, मीच सेक्रेटरी, मीच सगळं, असं सहा वर्षं चाललं आमच्याकडे आणि मी आजारी पडले तेव्हा तीन महिने बैठकच झाली नाही.

नूतनीकरण पहिल्या तीन महिन्यांतच संपवा, नंतर पावसाळा, मग गणपती, मग दिवाळी, कोणी हाताला लागत नाही. जुनी वही घेऊनच घरी जा, मागच्या वर्षी तिने काय सांगितलं होतं ते वाचून दाखवा आणि विचारा, झालं का ते. नवीन पावती त्यानंतर. पावतीपुस्तक परत जमा करताना कोरी पानं मोजून द्या, चुकलेली पावती फाडून टाकू नका, त्यावर रद्द लिहून तशीच ठेवा.

त्या दोन मुलींनी आत्तापर्यंत ४३ घरं केलीत. त्यांच्याकडे रेशनपेक्षा गटाराचा प्रश्न मोठा निघाला, चार लहान मुलांना एकाच महिन्यात कावीळ झाली, ते त्यांनी तारखेसकट लिहून आणलंय. पहिली बैठक रविवारी चार वाजता, एकीच्या आत्याच्या घरी. सतरंजी आमच्याकडून जातेय.